हलकं आहे म्हणूनच जपून उचला

प्रश्न : स. न. वि. वि. शिवाजी उद्यमनगरात आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. आम्ही काही मित्रांनी मिळून एक जुनं पुष्पक विमान घेतलं आहे. ते उडवायचं नाही. दुरुस्त करून, रंगवून एका शाळेच्या आवारात मांडायचं आहे. सध्या ते गोकुळ शिरगावजवळ एका शेडमध्ये उभं आहे. पंख जोडलेले आहेत, इंजिन जागेवर आहे, टायर मात्र पार बसलेत. ते उचलून चाकं काढायची आणि नंतर तोंड फिरवून शेडच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं, असा बेत आहे. शेडमध्ये गर्डरवर दोन टनांचा चेन ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी आहे. फोर्कलिफ्टही मिळू शकेल. आमच्या पेठेतल्या तालमीतली पोरं तर ‘आम्ही हातानंच उचलतो’ म्हणतात. यातलं काय करावं? वजन तर फारसं नाही.
— एक वाचक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : आधी तुमचं आणि तुमच्या मित्रांचं मनापासून अभिनंदन. एक पुष्पक भंगारात न जाता शाळेच्या पोरांसमोर उभं राहणार, हे वाचून फार बरं वाटलं. बेंगळुरूच्या एचएएल या विमान कारखान्यात घडलेलं हे विमान २८ सप्टेंबर १९५८ ला पहिल्यांदा उडालं. आराखडा अमेरिकेतल्या एरॉन्का चीफ या छोट्या विमानावरून घेतलेला, इंजिन ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल, शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसणार. देशातल्या फ्लाइंग क्लबांमधून कितीतरी वैमानिक याच्यावर तयार झाले. माझी नोकरी अशाच कापडी विमानांच्या देखभालीत गेली, त्यामुळं उत्तर जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला काळजीचं वाटतं. वजन फारसं नाही हे खरं. रिकामं पुष्पक ३९५ किलोच्या आसपास भरतं. उद्यमनगरात यापेक्षा जड कास्टिंगं रोज इकडची तिकडं होतात, तेव्हा हा आकडा तुम्हाला किरकोळ वाटणारच. पण बिडाच्या कास्टिंगला कुठूनही साखळी घातली तरी त्याला काही होत नाही. विमानात हेच वजन जवळजवळ ११ मीटरच्या पंखांवर आणि साडेसहा मीटरच्या आतल्या लांबीवर पसरलेलं असतं. बाहेरून दिसतो त्यातला बराचसा भाग म्हणजे ताणून बसवलेलं आणि डोप, म्हणजे कापड ताठ करणारा लेप, चढवलेलं कापड. आतल्या पोलादी नळ्यांची जाडी एक मिलिमीटरच्या आगेमागे. जड वस्तूला हात घालताना माणूस आपोआप सावध होतो. हलकी म्हटली की हात जिथं पोचेल तिथं धरतो. जुन्या विमानांची जी मोडतोड मी दुरुस्त केली, त्यातली बरीचशी हँगरमध्ये ढकलताना, फिरवताना आणि उचलताना झालेली होती.

म्हणून मी तुम्हाला उलट विचारतो, की उचलायलाच हवं का? तुमची खरी अडचण टायरची आहे. टायरला तडे गेले नसतील आणि ट्यूब हवा धरत असेल, तर विमान आपल्या चाकांवर चालत दुसऱ्या टोकाला जाईल आणि निम्मी जोखीम तिथंच संपेल. हवा भरताना मात्र कॉम्प्रेसरची नळी थेट लावू नका. रेग्युलेटर लावा, नाहीतर साधा पायपंप घ्या आणि थांबत थांबत भरा. भरणाऱ्यानं चाकाच्या पुढं किंवा मागं, टायरच्या रेषेत बसावं. बाजूला, रिमच्या तोंडासमोर कधीही बसू नये. रिम सुटली तर ती बाजूला उडते. या विमानांची चाकं पुष्कळदा दोन अर्धे भाग बोल्टनं जोडून केलेली असतात. टायरमधली हवा पूर्ण सोडल्याशिवाय त्या बोल्टना पाना लावायचा नाही. आत हवा असताना बोल्ट सैल केले, तर दोन अर्ध्या रिमा माणसाचा हात किंवा जबडा फोडू शकतात.

काहीही हलवण्याआधी विमान निर्धोक करून घ्या. टाकीत पेट्रोल उरलं असेल तर शेडबाहेर, उघड्यावर, ठिणगीपासून लांब काढा. रिकामी दिसणारी टाकी आतल्या वाफेमुळं भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. बॅटरी असेल तर तिची वायर काढा. तुम्ही फॅब्रिकेशनवाले, म्हणून हे खास सांगतो : विमान आत असेपर्यंत त्या शेडमध्ये वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही, गॅस कटर नाही. जुन्या कापडावरचा डोप पुष्कळदा नायट्रेटचा असतो आणि तो अतिशय भराभर पेटतो. टेकू आणि घोड्या तुमच्या वर्कशॉपमध्ये करा आणि तयार करूनच शेडमध्ये आणा.

आता पंखा, म्हणजे प्रोपेलर. या इंजिनाला ठिणगी मॅग्नेटो देतो आणि त्याला बॅटरी लागत नाही. स्विच बंद केला की एक वायर मॅग्नेटोला अर्थ करते, एवढाच त्या स्विचचा उपयोग. ती वायर जुनी होऊन तुटली असेल, तर स्विच ‘बंद’वर असतानाही मॅग्नेटो जिवंत असतो. कुणी सहज पंखा फिरवला आणि सिलिंडरमध्ये थोडी वाफ असली, तर इंजिन एक उसळी घेऊ शकतं. चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन असे आठ स्पार्क प्लग आहेत. ते सगळे काढून ठेवा, भोकांना झाकणं लावा. त्यानंतरही पंखा चालूच आहे असं समजून वागा. पंख्याला धरून विमान ओढायचं नाही आणि त्याच्या फिरण्याच्या चकतीत उभं राहायचं नाही.

मग गंज. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. शेपटीला चाक असलेलं विमान नाक वर करून उभं असतं, त्यामुळं कापडात शिरलेलं पाणी आत उतरत उतरत शेपटीकडच्या खालच्या नळ्यांपाशी साचतं. वरचा रंग शाबूत दिसतो, नळी मात्र खाऊन गेलेली असते. तिथलं खालचं कापड थोडं उकला, तसंही तुम्ही ते बदलणारच आहात. टोकदार पोगर नळीवर ठेवून तळहातानं दाबा, मग हलक्या हातोडीनं टिचका. शाबूत नळीचा आवाज खणखणीत येतो आणि पोगराचं टोक फक्त रंगावर खूण करतं. गंजलेली नळी बद्द वाजते, टोक आत रुततं, कधी तपकिरी भुकटी गळते. अशी एक जरी नळी सापडली, तर शेपटीचा भार त्या भागावर घ्यायचा नाही. तिच्या पुढच्या शाबूत सांध्याखाली आधार द्या.

नळ्यांबद्दल एक नियम डोक्यात पक्का ठेवा : भार नेहमी सांध्यावर, जिथं तीन-चार नळ्या एकत्र वेल्ड केलेल्या असतात तिथं. दोन सांध्यांच्या मधोमध नाही. मधोमध जॅक लावला तर ती पातळ नळी वाकणारच, आणि एक वाकली की सबंध सांगाड्याची ओळ बिघडते. मॅन्युअलमध्ये जॅक लावायच्या जागा दाखवलेल्या असतात. ते मिळालं तर माझं ऐकण्याआधी त्याचं ऐका.

चाकं काढायचीच झाली, तर एकावेळी एकच काढा. दुसऱ्या चाकाला आणि शेपटीच्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे पक्के लावा. जॅक चाकाजवळ, विमानाच्या पायाच्या (ज्याला चाक बसवलेलं असतं त्याच्या) खालच्या मजबूत भागाखाली, मध्ये लाकूड घालून. चाक जमिनीपासून सुटेल एवढंच उचला, दोन बोटं अंतर पुष्कळ झालं. हे आग्रहानं का सांगतो ते आकड्यात पाहा. समजा दोन चाकांमधलं अंतर १८० सेंमी आहे आणि तुम्ही एक चाक १० सेंमी वर घेतलं. विमान दुसऱ्या चाकावर कलतं. खालच्या बाजूच्या पंखाचं टोक साधारण २५ सेंमी खाली येतं आणि उचललेल्या बाजूचं ३५ सेंमी वर जातं. जॅकपाशी बसलेल्याला ते दिसत नाही. त्याची नजर चाकावर असते आणि तिकडं पंख रॅकवर टेकतो नाहीतर ट्यूबलाइटला भिडतो. म्हणून दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा पाहिजे. चाक सुटलं की लगेच लाकडी ठोकळ्यांची चवड किंवा घोडी आधाराला द्या. हायड्रॉलिक जॅक हे उचलायचं साधन आहे, धरून ठेवायचं नाही. आतली रबरी सील कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि जॅकवरच्या विमानाखाली कुणाचा हात-पाय जाता कामा नये.

विमान खाली घेताना आणखी एक गोष्ट होते, तिची कल्पना नसली की माणसं गोंधळतात. वजन सुटलं की या जुन्या विमानांचे पाय खाली लोंबतात आणि चाकं आतल्या बाजूला येतात. खाली सोडताना चाकांना पुन्हा बाहेर सरकायचं असतं, पण रबर फरशीला चिकटतं, पाय आखडून राहतात आणि विमान तिरपं उभं राहतं. प्रत्येक चाकाखाली पत्र्याचे दोन तुकडे ठेवा, मध्ये ग्रीस लावा. वरचा पत्रा खालच्यावरून अलगद सरकेल आणि पाय आपल्या जागी बसतील. नंतर ते ग्रीस लगेच पुसा, टायरला लागू देऊ नका.

चेन ब्लॉक. दोन टनांचा आहे, ताकदीचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो पट्टा कुठं आणि कसा घालणार याचा. पंखांचा पुढचा मुख्य दांडा केबिनच्या छताजवळ ज्या दोन सांध्यांना जोडला जातो, ते सांधे उडताना सगळं विमान उचलून धरतात, तेव्हा भार घ्यायला ते लायक असतात. पण दोन पट्टे या सांध्यांवरून सरळ एका हुकात घातले, तर पट्ट्यांचा कोन फाकतो. समजा ३०० किलो भार हुकावर आला आणि दोन पट्ट्यांमध्ये १२० अंशांचा कोन झाला. प्रत्येक पट्ट्यावर तुम्हाला १५० किलो अपेक्षित असतील. प्रत्यक्षात पुरे ३०० येतात, आणि केबिनचं छत दोन्हीकडून सुमारे २६० किलोनं आत दाबलं जातं. असा दाब सोसायला ते केलेलंच नाही. मध्ये एक भक्कम आडवा दांडा घाला आणि त्याच्या दोन टोकांपासून पट्टे सरळ खाली सोडा, म्हणजे भार उभा राहील आणि दाब दांड्यावर जाईल. कापडी रुंद पट्टे वापरा. वायर रोप किंवा साखळी नळीला लागू द्यायची नाही. हुक बरोबर भाराच्या डोक्यावर हवा. तिरपं ओढलं तर विमान सुटताक्षणी झोका घेतं, आणि अकरा मीटरच्या पंखाचा झोका कुणाला आवरत नाही. शेपूट जमिनीवरच राहू द्या, तिथं एक माणूस बसवा. ब्लॉकची साखळी ओढणारा घाई करणारा नको. रात्रभर विमान टांगून ठेवून घरी जायचं नाही.

फोर्कलिफ्टचं नावही काढू नका. चालकाला फाळांची टोकं कापडाखाली कुठं गेली ते दिसत नाही आणि हायड्रॉलिकचा एक धक्का या नळ्यांना पुरतो. पुढं कधी इंजिन वेगळं केलंत, तर ते ऐंशी-पंच्याऐंशी किलोचं इंजिन क्रेटमध्ये बसवून फोर्कलिफ्टवर खुशाल न्या.

राहिली तालमीतली पोरं. त्यांना जरूर बोलवा, मला ती हवीच आहेत. फक्त उचलायला नकोत, चालवायला हवीत. माझ्या पाहण्यात असं आहे की ताकदवान माणूस अडलं की जोर वाढवतो. इथं अडलं की थांबायचं असतं आणि काय अडलं ते पाहायचं असतं. काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना विमानाभोवती फिरवा आणि हात लावायच्या जागांवर रंगीत चिकटपट्टी लावून दाखवा. पंखाखालच्या तिरप्या दांड्याला धरायचं ते त्याच्या टोकाशी, जोडाजवळ. मधोमध ढकललं तर तो वाकतो. चाकांच्या पायांना ढकललेलं चालतं. शेपटीकडं चाकाजवळचा सांधा धरावा. पंखाची मागची कड, एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या हलणाऱ्या फाळक्या, शेपटीचे आडवे-उभे फाळके, काच, पंख्याचं नाकाडं, यांना कुणी बोट लावायचं नाही. कापडावर अंगठ्यानं दाबलं तरी जुन्या डोपला गोल गोल तडे जातात आणि पुढं तिथं भोक पडतं. अंगठ्या, कडी, घड्याळं काढून ठेवायला सांगा.

हुकूम एकाचाच. तो माणूस काहीही धरणार नाही, मोकळ्या हातानं सगळं दिसेल अशा जागी उभा राहील. दोन पंखांच्या टोकांना दोघं, शेपटीशी एक. ‘चला’ फक्त त्या एकानं म्हणायचं. ‘थांबा’ मात्र कुणीही, चहा घेऊन आलेल्या पोरानंसुद्धा म्हणायचं, आणि ऐकू आलं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. कारण नंतर विचारायचं. मोबाइलवर शूटिंग करणारा पंखाच्या आड येणार नाही हेही बघा.

तोंड फिरवण्यासाठी शेपूट थोडं उचलून मुख्य चाकांवर विमान वळवता येतं, पण त्याआधी जमिनीवर खडूनं आखून घ्या. दोन्ही पंखांच्या टोकांपासून गवंड्याचा ओळंबा सोडा आणि खाली खूण करा. शेपटीचीही खूण घ्या. मग चाकांच्या मधला बिंदू धरून दोरीनं पंखाच्या टोकाचा आणि शेपटीचा घेर आखा. त्या घेरात आलेला प्रत्येक खांब, टेबल, ड्रम आधी हलवा. कागदावर जागा पुरते आणि प्रत्यक्षात शेडचा खांब नेमका मध्ये येतो, म्हणून जमिनीवर आखायचं. वळायला जागाच नसेल, तर तिन्ही चाकांखाली बुटक्या ट्रॉल्या घाला आणि विमान आडवं, पंखाच्या दिशेनं सरकवा. ट्रॉल्या तुमच्याइतक्या चांगल्या कुणालाच जमणार नाहीत. फक्त कॅस्टर, म्हणजे ट्रॉलीची फिरती चाकं, मोठे घ्या, पाच-सहा इंची. लहान कॅस्टर फरशीच्या फटीत अडकतो, ट्रॉली थांबते आणि वरचं विमान पुढं जातं. टायर बसेल असा खळगा करा आणि चारही बाजूंना कड ठेवा. ज्या वाटेनं न्यायचं ती आधी झाडून घ्या. एक नट किंवा वेल्डिंग रॉडचा तुकडासुद्धा कॅस्टर अडवायला पुरतो.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगला आहे. आमच्या कॉलेजात शेपटीला चाक असलेलं एक जुनं विमान शिकवायला ठेवलंय. मोजमाप घ्यायला शेपूट उचलून ते पातळीत आणायचं आहे. सर म्हणतात, जास्त उचललं तर नाकावर पडेल. एवढं लांब शेपूट असताना ते कसं काय पडेल?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुझे सर बरोबर सांगतात, आणि तू विचारलंस ते फार चांगलं केलंस, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

शेपूट लांब असलं तरी हलकं असतं. जड इंजिन पुढं, त्यामुळं गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या जरासाच मागं पडतो. आकडे घेऊन बघ. समजा विमान ३९५ किलोचं आहे, पातळीत असताना गुरुत्वमध्य चाकांच्या मागं २५ सेंमी आहे आणि शेपटीचं चाक ४.५ मीटर मागं आहे. शेपटीवर येणारा भार फक्त २२ किलो. म्हणजे एवढं मोठं विमान तू एका हातानं शेपटीकडून तोलू शकतेस. आता यातली खरी मेख पाहा. वर पंख असलेल्या या विमानांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून उंच असतो. तो एक मीटर धर. पातळीच्या वर आणखी १० अंश शेपूट उचललंस, तर तो मध्य साधारण १७ सेंमी पुढं सरकतो. पंचवीसातले आठच उरले, शेपटीचा भार सात किलोवर आला. आणि त्याच वेळी कुणी इंजिनाचं झाकण काढायला नाकावर रेलला, तर काय होईल ते तूच मांड.

असं झालेलं मी एका फ्लाइंग क्लबात पाहिलं आहे. शेपूट एका पिंपावर ठेवलं होतं, बांधलेलं नव्हतं. पुढं एकजण वाकून काम करत होता. शेपूट आवाज न करता पिंपावरून उठलं. ते इतकं सावकाश उठलं की आधी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मग लाकडी पंख्याचं टोक फरशीला लागलं आणि फुटलं. माणूस वाचला, कारण तो बाजूला होता.

म्हणून शेपूट नुसतं टेकवायचं नाही, खाली बांधायचं. रुंद पायाची घोडी कर, वर फेल्टचा किंवा रबराचा थर दे आणि शेपटीचा मजबूत सांधा पट्ट्यानं घोडीला बांध. घोडीच्या पायावर वाळूची पोती किंवा वजनं ठेव, चाळीस-पन्नास किलो तरी. मुख्य चाकांना पुढून-मागून ठोकळे. पातळी बघायला दाराच्या खालच्या नळीवर स्पिरिट लेव्हल ठेवायची पद्धत आहे, पण मॅन्युअलमध्ये दिलेली जागा असेल तर तीच घे. पातळी आली की तिथंच थांब. विमान पातळीत असताना कुणी पुढून चढायचं नाही आणि आत बसायचं नाही.

एक आणखी. पुढं कधी इंजिन उतरवलंत, तर सगळा हिशेब उलटा होतो. नाक हलकं होतं, शेपूट जड होतं, आणि २२ किलोसाठी केलेली घोडी अपुरी पडते. म्हणून एखादा जड भाग काढायच्या किंवा बसवायच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बसायचं. पंखांचंही तसंच. एक पंख उतरवला की दुसऱ्या बाजूला कलण्याची ओढ लागते, म्हणून दुसऱ्या पंखाखाली मुख्य दांड्याच्या रेषेत आधार देऊनच पहिल्याला हात लावायचा. उतरवताना पंखाचा भार माणसांनी पूर्ण घेतल्याशिवाय खालचा तिरपा दांडा सोडायचा नाही. उतरवलेला पंख पुढची कड खाली करून, गादी घातलेल्या रॅकमध्ये उभा ठेवायचा. मागच्या कडेवर तो कधीच टेकवू नये.

तुला या विषयाची गोडी दिसते, म्हणून सुचवतो. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्याविषयी वाच. जर्मनीत वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेला हा मराठी माणूस. एचएएलचं एचटी-२ हे शिकाऊ विमान त्यांच्या नेतृत्वाखाली आखलं गेलं आणि १९५१ मध्ये उडालं. गुरुत्वमध्याचा असला हिशेब त्यांच्या काळात स्लाइड रूलवर, म्हणजे आकडेमोडीच्या सरकत्या पट्टीवर मांडत.

प्रश्न : आमच्याकडं एक जुनं छोटं विमान शेडमध्ये ठेवलंय. शेड दोन बाजूंनी उघडी आहे. वळवाचा वारा सुटला की पंख हलतात. काथ्याच्या दोरानं खांबाला बांधलं तर चालेल का? ट्रॅक्टरनं ओढून आतल्या कोपऱ्यात घ्यावं का?
— एक वाचक, कागल

उत्तर : ट्रॅक्टर नको. त्याच्या चालकाला मागं किती ताण आला ते कळत नाही, आणि क्लच सोडतानाचा एकच हिसका पायाचा जोड उपटू शकतो. दोन्ही मुख्य पायांना खाली, चाकाजवळ दोर बांधा आणि माणसांनीच सावकाश ओढा. शेपटीला एकजण दिशा द्यायला हवा.

वळवाकडं मात्र दुर्लक्ष करू नका. ही छोटी विमानं ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगाला जमीन सोडतात. एप्रिल-मेमधल्या एखाद्या झोताला तेवढा वेग सहज असतो, आणि पंखाला तो वारा इंजिनानं मिळाला की आभाळानं, याच्याशी देणंघेणं नसतं. काथ्याचा दोर भिजला की आखडतो आणि पंख खाली ओढून धरतो, म्हणून तो नको. नायलॉनचा चांगला दोर घ्या. प्रत्येक पंखाखाली, तिरपा दांडा पंखाला जोडला जातो त्याच्याजवळ, बांधायची कडी असते. तिथून दोर खाली आणि थोडा बाहेर, जमिनीत काँक्रीटमध्ये पुरलेल्या हुकाला न्या. शेपटीलाही एक. दोर अगदी ताणू नका, बोटभर ढील ठेवा. तिरप्या दांड्याच्या मधोमध दोर बांधायचा नाही.

खांबाला बांधू नका, कारण उघड्या शेडचा पत्रा आणि खांबच आधी हलतात. पंखाच्या आणि शेपटीच्या हलणाऱ्या फाळक्या वाऱ्यात आपटून बिजागऱ्या खराब होतात. आत चालकापुढचं कंट्रोल सीटच्या पट्ट्यानं घट्ट बांधा, आणि बाहेरून फाळकी व स्थिर भाग यांना मिळून फेल्ट लावलेली लाकडी चिमटी बसवा. चिमटीला लाल फडकं बांधा, म्हणजे काढायची राहिली तर नजरेस येईल. दर पावसानंतर दोर तपासा आणि शेपटीकडच्या खालच्या कापडाची पाणी जायची भोकं तारेनं मोकळी करा.